नेपल्समधला नाताळ: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय बघावं, काय खावं, काय घ्यावं

इटलीतलं ख्रिसमस मार्केट म्हटलं की बहुतेक जण उत्तरेला जातात, बोल्झानो, मेरानो, त्रेंतो, लाकडी टपऱ्या, डोंगरावर बर्फ, हातात गरम वाइनचा मग. छानच असतं ते, पण त्याची धाटणी ऑस्ट्रियन-जर्मन आहे. इटलीचा स्वतःचा नाताळ बघायचा असेल तर दक्षिणेला नेपल्स गाठा असं मी ज्याला त्याला सांगत असते, कारण तिथे महिनाभरासाठी टपऱ्या टाकून नाताळ आणत नाहीत, तिथे एक अख्खी गल्ली बारा महिने नाताळचंच काम करते. वसई किंवा गोव्याकडच्या वाचकांना हे लगेच कळेल, कारण नाताळचा गोठा घरी मांडणं म्हणजे काय हे त्यांना माहितीय. नेपल्समध्ये या गोठ्याला प्रेसेपे म्हणतात आणि शहराचा सगळा सण त्याच्याभोवती फिरतो. तो प्रेसेपे नीट बघता आला तर बाकी शहर आपोआप उलगडतं, म्हणून हा लेख त्याच क्रमानं लिहिलाय.

१. आधी तारखा

सीझन अधिकृतपणे ८ डिसेंबरला, इम्माकोलाताच्या, म्हणजे निष्कलंक मेरीच्या सणाला सुरू होतो आणि ६ जानेवारीला संपतो. ८ तारखेला घरोघरी प्रेसेपे मांडायला घेतात आणि पिआझ्झा देल जेझू नुओव्होमधल्या उंच स्तंभावरच्या मेरीच्या मूर्तीला अग्निशमन दलाचे जवान वर चढून फुलं वाहतात. बघण्यासारखं असतं, पण ८ डिसेंबरला जोडून सुट्टी आली की अख्खी इटली इथे लोटते, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा लहान मुलं किंवा वयस्क आईवडील सोबत असतील तर तो वीकेंड सरळ टाळा.

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत, तेही सोमवार ते गुरुवार. कारागीर भरात असतात, माल भरलेला असतो आणि बोलायला त्यांना दोन मिनिटं असतात. जमलं तर १६ डिसेंबर धरा. त्या दिवशी दुओमोमध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चमध्ये, सान जेन्नारो या शहराच्या संताचं वाळलेलं रक्त पातळ होतं का हे बघायला लोक जमतात, वर्षातून तीनदा हे होतं आणि डिसेंबरची तारीख १६३१ च्या व्हेसुव्हिअसच्या उद्रेकातून शहर वाचलं त्याच्या आठवणीची. पर्यटकांपेक्षा स्थानिक जास्त असतात, त्यामुळे शांतपणे मागे उभं राहायचं.

२४, २५ ला जायचं असेल तर जा, पण ते दिवस घरच्या लोकांचे असतात, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

२. पोचायचं कसं, राहायचं कुठे

रोमहून हायस्पीड ट्रेननं साधारण एक तास दहा मिनिटं लागतात. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, डिसेंबरच्या शुक्रवार-रविवारचं तर आठवडे आधीच काढा. स्टेशनचं नाव नापोली चेंत्राले. विमानानं आलात तर कापोदिकिनो एअरपोर्टवरून आलिबुस नावाची बस स्टेशनला आणि बंदराला सोडते. शुक्रवारी इटलीत संपाची सवय आहे, "शोपेरो" हा शब्द स्टेशनवर दिसला की थांबून चौकशी करा.

राहायला चेंत्रो स्तोरिको म्हणजे जुनं शहर, किंवा दांते, तोलेदो या मेट्रो स्टेशनांच्या आसपास घ्या, म्हणजे बहुतेक सगळं पायी होतं. हॉटेलच्या बिलात शहराचा टूरिस्ट टॅक्स वेगळा द्यावा लागतो, तो बुकिंगच्या वेळी भरलेला नसतो, म्हणून काउंटरवर मागितला तर दचकू नका.

कपड्यांचं म्हणाल तर बर्फ नाही. दिवसा पुण्याच्या थंडीतल्या पहाटेइतपत गारवा आणि मधून मधून पाऊस. जॅकेट पावसाचं घ्या आणि बूट चांगल्या ग्रिपचे घ्या, कारण जुन्या शहरातले रस्ते काळ्या दगडी फरशांचे आहेत आणि ओले झाले की सपाट तळाचा बूट हमखास घसरतो. पर्स पुढे, मोबाइल आतल्या खिशात, आणि गल्लीतून स्कूटर येतात तेव्हा कान उघडे ठेवा, एवढं सांभाळलं की शहर भिण्यासारखं नाही, उलट रस्ता विचारला तर लोक बरोबर चालत येऊन दाखवतात.

३. सान ग्रेगोरियो आर्मेनो: पहिली सकाळ इथेच

व्हिया सान ग्रेगोरियो आर्मेनो ही ती गल्ली. वर व्हिया देई त्रिबुनाली आणि खाली स्पाक्कानापोली या दोन जुन्या समांतर रस्त्यांना जोडणारा हा छोटासा उतार आहे, नुसतं चाललात तर पाच मिनिटांत संपतो, पण दोन तास तरी ठेवा. सकाळी दुकानं उघडतात त्या वेळी पोचा, साधारण दहा वाजता. गर्दीच्या दिवसांत पोलीस गल्ली वन-वे करतात, मग मागे फिरून "ते मघाचं दुकान" गाठायला मोठा वळसा पडतो, म्हणून आवडलेल्या दुकानाचा फोटो लगेच काढून ठेवा.

पहिल्या फेरीत काहीही विकत घ्यायचं नाही, फक्त बघायचं. दुकानांच्या पुढच्या भागात गर्दी खेचणारा माल असतो, लाल मिरचीसारखी शिंगं, फुटबॉलपटू, राजकारणी, गायक, मॅराडोना तर प्रत्येक टेबलावर. खरा माल आत आणि वरच्या मजल्यावर. आत जायला लाजू नका, "पोस्सो?" (येऊ का?) एवढं विचारलं तरी पुरतं. एका कारागिराला काम करताना मी बराच वेळ उभी राहून बघितलंय, पेरूएवढं भाजलेल्या मातीचं डोकं डाव्या हाताच्या दोन बोटांत धरलेलं, डोळ्यांच्या खोबणीत आतल्या बाजूनं काचेचे डोळे बसवलेले, आणि तो बारीक ब्रशनं फक्त खालच्या पापणीच्या कडेला लालसर रेघ ओढत होता, एक रेघ ओढली आणि त्या कोळणीचा चेहरा रडून आल्यासारखा झाला. चांगल्या मूर्तीत डोकं, हात आणि पाय वेगवेगळे बनवतात, अंग तारेवर काथ्यासारखे धागे गुंडाळून करतात म्हणजे हवी तशी पोज देता येते, आणि वर खऱ्या कापडाचे शिवलेले कपडे. ही पद्धत अठराव्या शतकातली. बुर्बों घराण्याचा राजा कार्लो १७३४ मध्ये नेपल्सच्या गादीवर आला, त्याला प्रेसेपेचा भारी शौक, राजाला आवडतं म्हटल्यावर सरदारांच्या घरी चढाओढ लागली आणि मोठमोठे शिल्पकार या कामाला लागले. या गल्लीपासून चालत काही मिनिटांवर काप्पेल्ला सानसेव्हेरो या छोट्या चॅपेलमध्ये संगमरवरी झिरझिरीत कापडाखालचा ख्रिस्त आहे ना, तो १७५३ मध्ये घडवणारा जुझेप्पे सानमार्तीनो, त्यानंही प्रेसेपेच्या मातीच्या मूर्ती केल्यात. तो पुतळा बघायचाच असेल तर ऑनलाइन तिकीट बऱ्याच आधी काढा, मंगळवारी बंद असतं, आणि दारात उभं राहून तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका.

४. प्रेसेपे वाचायचा कसा

इथे घाई करू नका, कारण बरेच जण "किती बारीक काम!" म्हणून पुढे जातात आणि गंमत राहून जाते.

बेथलेहेमचा गोठा असला तरी आजूबाजूचं गाव नेपल्सचं असतं. मासे विकणारा, भाजीवाली, कपडे धुणारी, खाटीक, पिझ्झा भाजणारा, मॅन्डोलिन वाजवणारे भिकारी. पारंपरिक मांडणीत तीन भाग शोधा: मधे येशूचा जन्म, तो बरेचदा पडक्या रोमन देवळाच्या खांबांत दाखवतात, एका बाजूला देवदूत मेंढपाळांना बातमी सांगतोय, आणि दुसऱ्या बाजूला खानावळ, जिथे सॉसेज टांगलेत, भांडणं चाललीत आणि जन्माकडे कुणाचं लक्षच नाही.

मग बेनीनो शोधा. हा झोपलेला मेंढपाळ पोरगा, साधारणपणे सगळ्यात उंच जागी, आजूबाजूला मेंढ्या. सगळं दृश्य त्याच्या स्वप्नातलं आहे, त्याला उठवलं तर प्रेसेपे नाहीसा होईल, असं म्हणतात. खाली पिंपावर बसलेला लालबुंद गालांचा चिच्ची बाक्को म्हणजे दारूच्या जुन्या देवाचाच उरलेला अंश. गोठ्याजवळ हात पसरून, तोंड उघडं टाकून उभा असलेला आणखी एक मेंढपाळ असतो, तो आश्चर्याचा मेंढपाळ. माझी सगळ्यात आवडती मूर्ती हीच, आणि एकच घ्यायची ऐपत असेल तर ती घ्या.

आता पुढच्या आणि मागच्या मूर्तींची उंची बघा. पुढे मोठ्या, मागे छोट्या, आणखी मागे बोटाएवढ्या. टेबलाएवढ्या जागेत डोंगर लांब वाटतो तो या युक्तीनं. खडक, गुहा, पायऱ्या हे सगळं बुचाच्या लाकडाचं, म्हणजे सुगेरोचं, हलकं असतं आणि चाकूनं कापता येतं. बाळ येशू मात्र २४ च्या मध्यरात्रीपर्यंत ठेवत नाहीत, घरच्या प्रेसेपेत पाळणा रिकामा दिसला तर काही हरवलेलं नाही.

५. विकत घेताना

किमतींचा पल्ला फार मोठा. दोन-चार युरोची छोटी मूर्ती असते आणि कापडी कपड्यांची मोठी मूर्ती शेकड्यांत जाते. साच्यातून काढलेल्या प्लास्टिक किंवा रेझिनच्या मूर्तीही तिथेच विकतात, त्या घेऊ नका असं नाही, पण हाताची म्हणून घेऊ नका. ओळखायचं असं: तळ उलटा करून बघा, भाजलेली माती वजनाला जाणवते आणि तिचा खडबडीत तळ दिसतो. एकाच मूर्तीचे तीन-चार नमुने शेजारी ठेवा, हाताचं काम असेल तर भुवया, ओठ थोडे थोडे वेगळे येतातच. विचारायला "फात्तो आ मानो?" (हातानं केलंय?) आणि "तेर्राकोत्ता?" (भाजलेली माती?), किंमत "क्वांतो कोस्ता?". कारागीर काम करत असेल तर फोटोआधी विचारा.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी पूर्ण सेटच्या मागे लागू नये. एकाच उंचीच्या, म्हणजे सात किंवा दहा सेंटिमीटरच्या तीन मूर्ती घ्या, मारिया, जुझेप्पे आणि बाळ, वर एखादा बेनीनो, आणि दरवर्षी एकेक वाढवा, नेपल्सची कुटुंबंही असंच करतात. उंची लिहून ठेवा नाहीतर पुढच्या वर्षी मेंढपाळापेक्षा मोठी मेंढी घरी येईल. छोटी घरं, कारंजी, दिव्याच्या माळा मिळतात, इटलीतली वीज भारतासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे त्या इथे चालतात, फक्त कधी कधी प्लग बदलावा लागतो.

लाल शिंग, कोर्नो, ही नजर लागू नये म्हणून ठेवायची वस्तू. स्वतःसाठी घ्यायचं नसतं, कुणीतरी भेट द्यायला लागतं, तेव्हा सोबतच्या माणसासाठी तुम्ही घ्या आणि तुमच्यासाठी त्याला घ्यायला लावा.

६. दुसऱ्या दिवशी डोंगरावर, चेर्तोझा दी सान मार्तीनो

गल्ली बघून झाल्यावरच इथे जा, आधी नको. मोन्तेसान्तोहून फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे, पकडा, मोर्गेन स्टेशनला उतरा, थोडं चाललं की हा जुना मठ, आता म्युझियम. इथे प्रेसेपे कुचिनिएल्लो आहे, मिकेले कुचिनिएल्लो नावाच्या माणसानं जन्मभर जमवलेल्या अठराव्या शतकातल्या मूर्ती दान केल्या आणि १८७९ मध्ये तो इथे मांडला गेला. खोलीएवढा मोठा डोंगर, शेकडो माणसं, जनावरं, आकाशात लटकणारे देवदूत, आणि दिव्यांचा उजेड पहाटेपासून रात्रीपर्यंत बदलत जातो. एक चक्र पूर्ण होईपर्यंत थांबा. आदल्या दिवशी गल्लीत जे डोळे, जे हात बघितलेत त्यांचे आजोबा-पणजोबा इथे भेटतात. बुधवारी बंद असतं, लक्षात ठेवा. बाहेरच्या कठड्यावरून अख्खं शहर, खाडी आणि व्हेसुव्हिअस दिसतो, परतताना पेदामेन्तीना नावाच्या जुन्या पायऱ्यांनी उतरा, गुडघे दुखत असतील तर नको.

वेळ असेल तर काझेर्ताचा राजवाडा ट्रेननं जवळ आहे, तिथे राजघराण्याचा प्रेसेपे, मंगळवारी बंद. संध्याकाळी रोषणाई बघायची असेल तर सालेर्नोला जा, तिथली लुची दार्तिस्ता म्हणजे रस्त्यांवर टांगलेली दिव्यांची चित्रं, मुलांना खूप आवडतात, पण शनिवार-रविवारी ट्रेनला तुफान गर्दी. नेपल्समध्येच गाल्लेरिया उम्बेर्तो प्रीमोच्या काचेच्या घुमटाखाली झाड उभं करतात आणि लोक त्यावर आपल्या इच्छांच्या चिठ्ठ्या अडकवतात, नोकरी मिळू दे, आई बरी होऊ दे, अमका परत येऊ दे. इटालियन येत नसलं तरी मराठीत लिहून लावा.

रस्त्यात बॅगपाइपचा आवाज ऐकू आला तर थांबा, ते झाम्पोन्यारी, अंगात मेंढीच्या कातड्याची बंडी, पायाला पट्टे, डोंगराळ भागातून नाताळच्या आधीच्या नऊ दिवसांत येणारे वादक. ऐकून नाणं टाकायची पद्धत आहे.

७. खायचं काय, आणि शाकाहाऱ्यांनी काय विचारायचं

नाताळची मिठाई फक्त याच दिवसांत ताजी मिळते. स्त्रुफ्फोली म्हणजे तळलेल्या पिठाच्या छोट्या गोळ्या मधात घोळवून ढीग रचतात आणि वर रंगीत दाणे, आपल्या बुंदीच्या कळ्या पाकातून काढून लाडू वळायच्या आधी दिसतात तशा. रोकोको हे बदामाचं कडक कडं, खरोखर कडक, दात सांभाळून, स्थानिक लोक वाइनमध्ये बुडवून खातात, चहातही मस्त लागतं. त्यात पिस्तो नावाचा मसाला, दालचिनी, लवंग, जायफळ, त्यामुळे वास आपल्या ओळखीचा. मोस्ताच्चोली शंकरपाळ्याच्या आकाराचे, वर चॉकलेट. सुझामिएल्ली इंग्रजी एससारखे वळलेले. सगळं थोडं थोडं घ्या, दुकानात वजनावर मिळतं. पिआझ्झा सान दोमेनिको माज्जोरेमध्ये स्कातुर्क्यो हे १९०५ पासूनचं दुकान आहे, सुरुवात तिथून करायला हरकत नाही, नंतर आपल्या हॉटेलच्या गल्लीतलं छोटं दुकान शोधा.

शाकाहारी मंडळींनो, इथे मांस दिसत नाही तिथेही असू शकतं. डुकराची चरबी म्हणजे स्त्रुत्तो, स्थानिक बोलीत न्झोन्या, ती बऱ्याच पिठांत घालतात, मिरी घातलेले ताराल्ली (कडक खारी कडी) आणि स्फोल्यातेल्ला या भरलेल्या पेस्ट्रीच्या पापुद्र्यात तर हमखास, स्त्रुफ्फोलीत काही जण घालतात आणि अंडं असतंच. "चे लो स्त्रुत्तो?" विचारा, कुणी रागावत नाही. पिझ्झा दी स्कारोले ही भाजीची भरलेली पोळी छान असते, मनुका, चिलगोजे, ऑलिव्ह, पण अँचोव्ही मासा बहुधा असतो. इन्सालाता दी रिनफोर्त्सो म्हणजे फ्लॉवर आणि लोणच्याच्या मिरच्यांची नाताळची कोशिंबीर, त्यातही तोच मासा. तळणीच्या दुकानात बटाट्याचे क्रोक्के मिळतात पण ते मासे तळलेल्या तेलातच तळलेले असण्याची शक्यता धरा. मार्गेरिता पिझ्झा सगळीकडे आहेच, आणि नेपल्समध्ये रोज खाल्ली तरी कंटाळा येत नाही.

मासे खाणाऱ्यांची मात्र चैन. २४ ची रात्र पूर्ण माशांची, क्लॅमचं स्पागेत्ती, तळलेला बाक्काला (खारवलेला कॉड मासा), आणि कापितोने, म्हणजे सापासारख्या लांब ईल माशाची मोठी मादी. २३ तारखेला पोर्ता नोलानाच्या मासळी बाजारात निळ्या टबांत या जिवंत ईल सळसळत असतात, एखादी उसळी मारून रस्त्यावर पडते, कोळी तिला पकडतो आणि बायका तितक्यात भाव करतात. घासाघीस, ओरडा, पाणी, सगळं ओळखीचं वाटेल. विकत काही घ्यायचं नसलं तरी अर्धा तास चक्कर माराच. २५ ला दुपारी मग मिनेस्त्रा मारिताता, पालेभाज्या आणि मांसाचं पातळ.

८. तोम्बोला

सोसायटीच्या गेट-टुगेदरला आपण तंबोला खेळतो ना, तोच नव्वद आकड्यांचा खेळ नेपल्समध्ये नाताळच्या रात्री घरोघरी चालतो. गोष्ट अशी सांगतात की १७३४ मध्ये राजानं पाद्र्याच्या हट्टापायी नाताळच्या आठवड्यात सरकारी लॉटरी बंद ठेवली, तर लोकांनी घरात आकडे काढायला सुरुवात केली. इथे नुसता आकडा पुकारत नाहीत, त्याचा अर्थ पुकारतात. २५ नाताळ, ३३ ख्रिस्ताचं वय, ४८ बोलणारा मेलेला माणूस, ७७ बायकांचे पाय, ९० भीती. रंगात आलेला पुकारणारा आकडे जोडून गोष्टच रचतो. तिकिटावर वाल किंवा संत्र्याच्या सालीचे तुकडे ठेवतात. नेपल्समधल्या कुणी घरी बोलावलं तर हो म्हणा, मिठाईचा डबा घेऊन जा, आणि सुटे पैसे खिशात ठेवा. कुणी ओळखीचं नसेल तर सान ग्रेगोरियोमध्येच चित्रांचा सेट मिळतो, हॉटेलच्या खोलीत चार मित्र जमवा.

९. २४, २५ आणि पुढे

२४ ला दुपारी तरुण मंडळी रस्त्यावर ग्लास घेऊन उभी असतात, एकमेकांना शुभेच्छा देतात, खूप छान वातावरण. संध्याकाळ झाली की शटर खाली येतात, मेट्रो, बस लवकर बंद होतात, रेस्टॉरंटं फार थोडी उघडी आणि तीही ठरलेल्या मेनूची, म्हणून टेबल आठवडे आधी बुक करा. २५ ला म्युझियम, सुपरमार्केट बंद. दूध, फळं, ब्रेड, औषधं २३ लाच भरून ठेवा. मध्यरात्रीच्या मिसेला चर्च सगळ्यांना खुलं असतं, ख्रिश्चन नसलात तरी मागच्या बाकावर बसा, प्रार्थना चालू असताना फिरू नका, फोटो नकोत.

३१ ला समुद्रकिनारी फटाके बघायला गर्दी होते, पण गल्ल्यांमध्येही फटाके इतके जोरात फुटतात की बारा वाजण्याच्या थोडं आधी ते तासभर नंतरपर्यंत जुन्या शहराच्या अरुंद बोळांत अजिबात थांबू नका. ५ जानेवारीच्या रात्री पिआझ्झा मेर्कातोला खेळणी आणि मिठाईचे स्टॉल लागतात, कारण ६ ला बेफाना नावाची म्हातारी मुलांच्या मोज्यांत खाऊ टाकते आणि खोडकरांच्या मोज्यात कोळसा, तो कोळसा साखरेचा असतो आणि सगळ्या मुलांना तोच हवा असतो.

१०. सामान बांधताना

मातीच्या मूर्ती चेक-इनमध्ये टाकू नका. प्रत्येक मूर्ती वेगळी गुंडाळा, हात आणि मान यांच्याभोवती आधी टिश्यू, मग वर्तमानपत्र, आणि मूर्ती डब्यात आडव्या ठेवून फटी मोज्यांनी भरा. दुकानदार बबल रॅप करून देतो, पण विमान आहे असं सांगितलं तर दुप्पट गुंडाळतो, म्हणून सांगाच. माती जड असते, हँडबॅगचं वजन आधी तपासा. प्रेसेपेसाठी वाळलेलं खरं मॉस गल्लीत विकतात, ते मात्र भारतात आणू नका, झाडापाल्याच्या वस्तूंवर कस्टम्समध्ये अडवू शकतात. त्याऐवजी बुचाचा तुकडा घ्या, खडक घरी कापून करता येतो. रोकोको टिकाऊ, ते बॅगेत खुशाल भरा, स्त्रुफ्फोली मधामुळे गळतात, ते तिथेच संपवा.